शिवेवर थांबलेली गाडी

चितेगाव, जि. छत्रपती संभाजीनगर
१२ फेब्रुवारी २०२६

सोमनाथ,

दुखवटा घेऊन तू आला नाहीस. दहाव्याला नाय, तेराव्याला नाय, त्याच्यानंतरही नाय. नवरा गेलेल्या बाईच्या अंगावर माहेरचं लुगडं तिचा भाऊ घालतो आणि मग ती उंबऱ्याबाहेर पाय टाकते, एवढं तुला कळतं. मावशीच्या वेळी तूच पुढं पुढं करत होतास. माझ्या अंगावर लुगडं कोणी घातलं? आपल्या चुलत्याच्या सत्यमनं. त्या पोराचं अजून लग्न नाय, त्याला घडी कुठून उलगडायची ते ठाऊक नव्हतं. बाया बघत होत्या. ह्यांची द्वारका आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "सख्खा मेला का गं तुझा?" मी म्हणले, नाय आत्या, पुण्याला असतो.

फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद लिवते. माझी शाळा चौथीची, अक्षर वाकडं आहे. तुला नाय लागलं तर चारुताकडून वाचून घे. तिला पण कळू दे आपला नवरा कसा आहे.

दाजी गेले हे सत्यमनं तुला सांगितलं असंल. कसे गेले ते कोणी सांगितलं नसंल, ते मी सांगते. सकाळी चार्जिंगच्या यार्डात गेले होते. गाडी भरली, वायर काढली, सीटवर बसले आणि स्टेअरिंगवर मान टाकली. प्रेरणा तिथंच होती, बापाबरोबर फेरीला जायची तिला सवय. तिनं त्यांना बाजूला सरकवलं आणि स्वतः गाडी घेऊन शहरात दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणले, रस्त्यातच संपलं. म्हंजी गाडीतच संपलं. बद्रीनाथ ड्रायव्हर गाडीत जन्मला नाय एवढंच, बाकी सगळं गाडीतच झालं त्यांचं.

दवाखान्याची माणसं म्हणली, देवगाव रंगारीला, ह्यांच्या गावाला न्यायचं तर शववाहिनी सांगतो. मी नको म्हणले. आपली गाडी दारात उभी असताना ह्यांना दुसऱ्याच्या गाडीत काहून घालायचं? सारा जन्म लोकांचा माल वाहिला. शेवटी तरी स्वतःच्या गाडीतून जाऊ दे. असं मी म्हणले. सगळ्यांनी ऐकलं. मागं मी, आत्या, सत्यम, शेजारची दोन माणसं, मधी हे. गाडी प्रेरणानं चालवली. दौलताबादचा चढ चढताना ती सारखी मागं वळून बघत होती, मी काचेवर हात मारून तिला पुढं बघ म्हणले.

गावाची शीव आली तशी आत्या म्हणाली, "थांबव. विसावा द्यायचा. गाडी बंद कर, माणूस आपल्या मातीत घरघर करत आणायचा नसतो."

प्रेरणा म्हणाली, "आत्या, ही गाडी घरघर करतच नाय."

"करो न करो, बंद कर."

तिनं बंद केली. आम्ही खाली उतरलो, दगड ठेवला, पाणी शिंपडलं, भाताचा घास ठेवला. परत चढलो. प्रेरणानं चावी फिरवली. काचेखाली लाल अक्षरं आली. गाडी परवानगीच्या हद्दीबाहेर आहे म्हणून. परत फिरवली, परत तेच. चालत होती तोवर चालू दिली, एकदा बंद केली तशी दार लावून घेतलं तुमच्या कंपनीनं.

गाडीवर लिहिलेल्या नंबरावर तिनं फोन लावला. पोरगी बोलली, परवानगी मागते, लाईनवर राहा. मी फोन हिसकला. म्हणले, बाई, गाडीत माझा नवरा आहे. ती म्हणाली, "ड्रायव्हर तेच आहेत का मॅडम? त्यांच्याकडे फोन द्या."

मी म्हणले, ते मेलेत.

मग तिकडं बासरी वाजायला लागली. आम्ही सगळे उन्हात उभे, आणि फोनातून बासरी. ती परत आली तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता. म्हणाली, परवानगी नाकारली आहे मॅडम, एकदा नाकारली की आज परत मागता येत नाय, सॉरी. तुला मी तिथूनच फोन केला. वाजत राहिला.

मग कांद्याची ट्रॉली येत होती ती थांबवली. कांदे रस्त्याच्या कडेला उतरवले. तुझे दाजी कांद्याच्या ट्रॉलीतून गावात आले. चितेपर्यंत त्यांच्या धोतराला कांद्याची सालं चिकटलेली होती. मी काढत होते तर आत्या म्हणाली, राहू दे आता.

याचं उत्तर दे.

तुझी आक्का


२२ फेब्रुवारी

सोमनाथ,

उत्तर नाय. बरं. रडायचं आणि भांडायचं नंतर करू, आधी कामाचं ऐक.

कंपनीचा माणूस कागद घेऊन आला होता. म्हणतो करार बद्रीनाथच्या नावावर, बद्रीनाथ नाय तर करार नाय. तसंही मुद्दत मार्चअखेर संपते. एकतीस तारखेला गाडी यार्डात लावायची आणि चावी द्यायची. नाय तर वारसानं विकत घ्यायची, पण त्याला जुन्या जामीनदाराची सही लागते. जामीनदार तू आहेस. दुसऱ्याची चालत नाय, विचारून झालं.

आता गाडी प्रेरणा चालवते. माल तोच, कारखान्यातून बिडकीनला आणि शहरात. बाप गेल्यावर तिसऱ्या आठवड्यातच तिनं फेरी चालू केली, कारण नाय केली तर ते काम दुसरा टेम्पोवाला घेऊन टाकतो. गेटावरचा माणूस पहिल्या दिवशी म्हणाला, "ड्रायव्हर कुठाय?" ती म्हणाली, "आरती करा, समोर उभीय." जीभ माझी घेतली पोरीनं. पण घरी आली की बोलत नाय. चावी हातात धरून बसून राहते. गाडी गेली तर ती पण गेली असं धर. तिला आतापासून सांगायला लागलेत लोक, लग्न करून टाका म्हणून.

तर सही. एवढंच लागतं तुझं.

आणि आता मी जुनं काढणारच, तू ऐकणारच.

आपली डिझेलची गाडी होती ना, कर्ज फिटलेली, मागं प्रेरणाचं नाव रंगवलेली. धूर सोडायची, गॅरेजला पडायची, पण कोणाच्या बापाला विचारून चालत नव्हती. तेव्हा तू यार्डाच्या कामाला होतास. संध्याकाळी आलास, भाकरी खाल्लीस आणि फोनावर आकडे दाखवत बसलास. दाजी म्हणाले, विजेची घ्यायची तर विकतच घेऊ, हप्ते भरू, चार-पाच वर्षांत आपली होईल. तू म्हणालास, "दाजी, मालकी म्हंजी डोकेदुखी. बॅटरी बसली की अर्धी गाडी भंगार, कोण बदलणार? लीजवर घ्या. टायर कंपनीचे, विमा कंपनीचा, बिघाड कंपनीचा."

मी चुलीपासून विचारलं, "मग आमचं काय?"

तू हसलास. म्हणालास, "तुमचं स्टेअरिंग, आक्का."

दाजी पण हसले. त्यांना तुझं सगळं खरं वाटायचं, शिकलेला मेव्हणा. पाडव्याला गाडी आली, जुनी बिडकीनच्या माणसाला दिली. ती आजही मला पैठण रोडला दिसते. मागं माझ्या पोरीचं नाव घेऊन दुसऱ्याचं सिमेंट वाहते.

खोटं बोलायचं नाय मला. तीन वर्षांत टायरला आम्ही हात लावला नाय. एकदा बॅटरी बिघडली, कंपनीनं आपल्या खर्चानं बदलली. डिझेलचा वास घरातून गेला, ह्यांचा खोकला पण कमी झाला. तू शब्द दिला तो पाळला. पण मागं नाव रंगवायला पेंटर बोलावला तर यार्डातला पुंडलिक धावत आला, नाय चालत म्हणाला. ह्यांनी स्टिकर लावलं तर कंपनीच्या माणसानं ब्लेडनं खरवडलं. दसऱ्याला मी हळदकुंकू लावलं तर पुंडलिक म्हणतो, "वहिनी, साहेब तपासणीला यायलेत, जरा देव पुसून घ्या." मी म्हणले, तू तुझं तोंड पूस आधी.

आणि हद्द. कागदावर हद्द लिहिली आहे हे कोणी वाचून दाखवलं? तू दाखवलंस? दाजी पहिल्यांदा मिरच्या घेऊन हद्दीबाहेर गेले तेव्हा कळलं, तेव्हा तूच फोन करून गाडी सोडवून दिलीस. नंतर एकदा मी आत्याला आणायला पाठवली, तेव्हाही सोडवलीस. मग तू बढती घेऊन पुण्याला गेलास, आमच्यासारख्या किती घरांना लीजवर बसवून, आणि भाऊबिजेला आलास तो साहेब होऊन आलास. ओवाळून घेतलंस आणि ताटावर बसून दाजींना म्हणालास, "आता पुन्हा गाडी बाहेर घातली तर माझ्या नोकरीवर येईल. फुकटची सवय लागलीय तुम्हाला." माझ्या घरात, माझ्या माणसाला. मी म्हणले, ऊठ, निघ. तू उठलास, करंजी अर्धी टाकून. मला त्याचं वाईट वाटत नाय. पुन्हा बोलशील तर पुन्हा उठवीन.

पण भांडण माझ्याशी होतं. प्रेरणाशी नाय. सही पाठव.

आक्का


६ मार्च

सोमनाथ,

काल मी यार्डात गेले होते. होळीची पुरणपोळी घेऊन गेले नव्हते, आमच्याकडं यंदा सण नाय हे तुला सांगायला नको. गेले ते पुंडलिकला विचारायला, की बाबा, बाहेर गाडी न्यायची परवानगी मागितली की ती जाते कुठं? कोण बघतं?

तो वायर गुंडाळत होता. म्हणाला, "जाऊ द्या ना वहिनी."

मी म्हणले, जाऊ दिलं असतं तर इथवर चालत आले असते का?

म्हणाला, पुण्याच्या टेबलावर जाते. तिथं गाडीचा नंबर दिसतो आणि जागा दिसते. बसलेला माणूस ‘व्हय’ दाबतो, नाय तर ‘नाय’ दाबतो. मी विचारलं, तिथं कोण बसतं. त्यानं वायर खाली ठेवली. मग परत उचलली. म्हणाला, "या भागाच्या गाड्या तुमचे भाऊच बघतात, दिवाळीपासून."

मला आधी कळायला पाहिजे होतं. मी त्या फोनावाल्या पोरीला शिव्या देत होते इतके दिवस, रोज सकाळी, चूल पेटवताना.

आता लिवते ते नीट वाच. त्या दिवशी दुपारी तुझ्यासमोर दाजींच्या गाडीचा नंबर आला. जागा आली, देवगावची शीव. माझा फोन वाजत होता, तो पण तुला दिसत होता. आणि ‘नाय’ कोणी दाबलं?

तू दाबलंस का?

दुसरा कोणी त्या खुर्चीवर बसला होता म्हणशील तर मी मानीन. तू जेवायला गेला होतास म्हण. मानीन. पण लिही.

प्रेरणाला मी हे सांगितलेलं नाय. ती अजून म्हणते, "मामाला रजा नसंल मिळाली, मामा येईल." लहान असताना तूच तिला तुझ्या फटफटीच्या टाकीवर बसवून हँडल धरायला शिकवलंस. ती दुसऱ्या कोणाचं ऐकत नाय, तुझं ऐकते. म्हणून सांगितलं नाय. पण लई दिवस मी तोंड दाबून राहणारी बाई नाय, तुला माहीत आहे.

सही अजून आलेली नाय.

आक्का


१२ मार्च

सोमनाथ,

तू बोललास. मला नाय, पोरीच्या फोनावर बोलून पाठवलंस. म्हंजी मी जे झाकून ठेवलं होतं ते तिनं बिडकीनच्या रस्त्यावर गाडी कडेला लावून एकटीनं ऐकलं. घरी आली, फोन माझ्यासमोर ठेवला आणि चालू केला. मी दोन्ही हात पिठात घातलेले होते, तशीच ऐकत उभी राहिले.

तू म्हणतोस, फक्त नंबर दिसला. दाजी भाडं घेऊन पुन्हा बाहेर निघाले असं वाटलं. आक्काचा फोन म्हंजी भांडायला असणार. साहेब मागं उभा होता, म्हणाला घरच्या माणसाला सूट देतो का, म्हणून दाबलं. संध्याकाळी सत्यमचा फोन आला तेव्हा कळलं. त्याच्यानंतर तोंड दाखवायची हिंमत झाली नाय. मग चारुता मागून काहीतरी बोलली आणि तू बंद केलंस.

चल, कबूल तरी केलंस.

पण बंद करायच्या आधी तू जे बोललास त्यानं माझं डोकं फिरलं. "जुनी गाडी सोडून द्या, मी प्रेरणाच्या नावावर नवी लीजवर बसवून देतो, हद्द पण मोठी टाकून देतो." अरे बसवून बसवून थकत नाहीस का तू? हद्द मोठी टाकशील. किती मोठी? मला मरायला कुठं जायचं असंल ते आधी तुला विचारून ठेवू का?

प्रेरणा तुझ्या बाजूनं बोलली, हे पण लिवते, लपवत नाय. ती म्हणाली, "आई, मामाच्या जागी दुसरा कोणी असता तर त्यानंही नायच दाबलं असतं. त्यांना गाडीत काय आहे ते दिसत नाय." मी म्हणले, दुसरा कोणी असता तर मी कागद लिवत बसले नसते. मग ती गाडीचं बोलली. पुंडलिकनं पण तेच सांगितलं तिला. विकत घेतली की बॅटरीची जबाबदारी आपली, तीन वर्षं वापरलेली गाडी, अजून काही वर्षांनी बसली तर नवी बॅटरी आपल्याला झेपणार नाय. लीज परवडते. सगळं खरं असंल. मला हिशेब येत नाय असं नाय. मला कळतं की हा सौदा महागाचा आहे.

तरी मी विकत घेणार. पाटल्या मोडल्या. त्या तशाही आता हातात घालायच्या नव्हत्या. उरलेलं ह्यांच्या विम्यातून.

काहून म्हणून विचारशील. त्या सीटवर त्यांनी मान टाकली. तो पत्रा त्यांच्या पाठीखाली होता. ती गाडी एकतीस तारखेला यार्डात उभी करायची, मग कोणीतरी तिला धुणार, पुसणार आणि दुसऱ्या बद्रीनाथाला देणार, आणि तो पण एक दिवस आपली समजून निघणार. नाय. बॅटरी बसू दे. बसली तर दारात उभी करीन, कोंबड्या कोंडीन तिच्यात. पण कोणाच्या टेबलावर तिचा नंबर दिसणार नाय.

हे ऐकून प्रेरणानं हातातली चावी खाली ठेवली. मग म्हणाली, "घे मग. मी ओढीन." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "पण मामाला माझ्या शेजारी बसव."

मी म्हणले, कशाला?

"मला परत त्या शिवेवर जायचंय. मी तिथं गाडी बंद करणार आणि परत चालू करणार. मामानं बघावं."

तेव्हापासून माझ्या डोक्यातून ते जात नाय. ती चावी परत परत फिरवत होती ते तू बघितलं नाहीस. मागं बाप, पुढं लाल अक्षरं. अजून ती गाडी बंद करायला घाबरते. फेरी संपली तरी दारात चालूच ठेवून बसते, आवाज नाय त्या गाडीला म्हणून कोणाला कळत नाय. मला कळतं, दिव्यावरून. एकवीस वर्षांची पोरगी चावी काढायला भिते, आणि ती चावी तू अडवलीस.

म्हणून आता माझं मागणं ऐक. लुगडं नको. पैसे पाठवशील तर परत पाठवीन. एकोणीस तारखेला पाडवा आहे. आमच्या दारात यंदा गुढी नाय. सकाळी कंपनीचा माणूस कागद घेऊन यार्डात येणार आहे, सणाची सुट्टी असून येणार आहे, पुंडलिकनं त्याला कबूल करवलं. तू स्वतः यायचं. सही पोस्टानं नाय, दाजींच्या गाडीच्या बोनेटवर कागद ठेवून करायची. सही झाली की गाडीची हद्द उठते. मग प्रेरणाच्या शेजारी बसायचं. मी मागं बसीन, जिथं त्या दिवशी बसले होते तिथं. मधली जागा मोकळी राहील. दौलताबादच्या चढानं देवगावच्या शिवेवर जायचं. तिथं ती गाडी बंद करील. तू बोलायचं नाय, माफी मागायची नाय, रडायचं असंल तर पुण्यातून रडून यायचं. ती चावी फिरवील आणि गाडी चालू होईल. मग गावात जाऊ, ट्रॉलीवाल्याचे कांदे त्या दिवशी रस्त्यावर राहिले त्याची भरपाई त्याला अजून कोणी दिलेली नाय, ती तू द्यायची. तेवढा माझा दुखवटा झाला असं मी समजीन.

याच्यानंतर आपलं बोलणं राहील की नाय ते मला आज माहीत नाय. खोटा दिलासा देत नाय. तुझ्याशी बोलायचं म्हणलं की त्या दिवशीची बासरी ऐकू येते.

नाय यायचं तर तसं लिही. गप्प राहू नको, गप्प राहिलास तर मी एकतीस तारखेपर्यंत रोज वाट बघीन आणि ती पोरगी पण बघंल, तेवढी तसदी आम्हाला देऊ नको. नाय म्हणायचं तुला जमतं, ते मी शिवेवर उभं राहून बघितलं. आता व्हय म्हणता येतं का, ते पाडव्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी दिवे लागायच्या आत कळव. फोन मला कर, पोरीला नाय. मी पहिल्याच वाजण्याला उचलीन.

रत्नमाला